कामठ्याच्या लग्नाच्या फाइली

१४ एप्रिल २००९, गोंदिया

आली बाप्पा एकदाची! लग्न होऊनही तिलक इकडं अन् मी चंद्रपूरच्या फोटो-लॅबमध्ये, असं किती दिवस चालणार होतं? आता दोघं एकाच स्टुडिओत. तो फोटो काढणार, मी कॉम्प्युटरवर रंग-उजेड सुधारून अल्बम करणार. मालक केशोराव फटकळ, पण चहा अद्रक घालून पाजतात. नवा कॅमेराही आजच आला. तिलकनं डबा फोडला अन् पहिला फोटो माझाच काढला, खिडकीजवळ, हातात चहाचा कप. मी म्हटलं, रॉमध्ये काढ. जेपीजी म्हणजे कॅमेऱ्यानं रांधून दिलेलं. रॉ म्हणजे कच्चा शिधा, तिखट-मीठ आपल्या हातचं. केशोराव म्हणे, मोठी शहाणी बायको आणली तिलकनं. आणली तर आणली!

१९ एप्रिल

कामठ्याचं लग्न झालं. पटल्यांची दुर्गेश्वरी नवरी. सगळे फोटो रॉमध्ये, माझ्याच हट्टानं. आज कार्ड लावून फाइली कॉम्प्युटरवर घेतल्या, तर एकही उघडेना! कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर नवरी हसून राहिली, अन् इकडं सॉफ्टवेअर म्हणते, ही फाइल ओळखत नाही. कॅमेरा नवा, सॉफ्टवेअर जुनं, त्याला हा कच्चा शिधा रांधताच येत नाही. माझा फोटोही त्याच कार्डात, तोही बंद. केशोराव स्टुडिओभर ओरडले, नवरीच्या बापाला आता तोंड कसं दाखवू? घरी येऊन मी रडली. खोटं कायले लिहू?

२१ एप्रिल

एक उघडली! नवरीचे आजोबा उदेलाल, फेटा बांधून मंडपात बसलेले. काय रंग आले, वा! मी काहीच केलं नव्हतं, आपोआप उघडली. सगळ्यांना जिलेबी चारली.

संध्याकाळी नवरीचा भाऊ ओमेश्वर आला. आजोबा दुपारी बसल्या जागीच गेले. तेरवीला हार घालायला मोठा फोटो पाहिजे, लग्नातला देऊन द्या, म्हणे. मी तोच कापला, मागं निळा रंग भरला अन् दिला.

२४ एप्रिल

आज आचारी टिकाराम उघडला, कढईजवळ उभा. मी तिलकला म्हटलं, याला फोन लाव. तो म्हणे, काऊन? लाव म्हटलं तर लाव ना! त्याच्या बायकोनं उचलला. टिकाराम आंघोळीला गेला होता, अगदी ठणठणीत. मी हसत हसत जेवायला बसली. जेवण आटोपलं नव्हतं, तर तिचाच फोन आला. तो न्हाणीतून जिवंत बाहेर आलाच नाही.

२६ एप्रिल

पुष्पाबाई, नवरीची मावशी. सकाळी उघडली. दुपारी फोटो मागायला माणूस आला.

आता कळलं. बाकीचे जिवंत आहेत, कारण त्यांच्या फाइली उघडत नाहीत. ज्या जुन्या सॉफ्टवेअरला मी शिव्या देऊन राहिली होती, त्यानंच सगळ्यांना राखलं आहे. कॉम्प्युटरवरचं सगळं पुसून टाकलं. पण कार्ड तिलकजवळ. मागितलं तर देत नाही. केशोराव म्हणे, बाईला ऊन लागलं.

२७ एप्रिल, सकाळ

तिलक घरात नाही. कार्डही नाही. केशोरावांना विचारलं, तर म्हणे, पहिल्या गाडीनं नागपूरला गेला. तिथल्या लॅबमध्ये नवं सॉफ्टवेअर आलं आहे, सगळ्या फाइली एका दमात उघडते. जाताना म्हणाला, माझ्या रीताची नोकरीही वाचवतो अन् तिच्या डोक्यातलं भूतही काढतो.

अख्खं लग्न त्या कार्डात आहे. नवरी, तिची चिमुकली भाची, वाजंत्रीवाले. अन् मी.

दुपार

तिलकचा फोन बंद. केशोरावांचे पाय धरले, लॅबचा नंबर घेतला. एंगेज. परत एंगेज. स्टुडिओतून हलू देत नाहीत, खिडकीजवळ बसवलं आहे.

मला मरायचं नाही. माय वो, आत्ता तर संसार मांडला —

तिलकचाच फोन आला! खुशीत होता. मी रडून रडून सांगितलं, नको उघडू, तुझ्या पाया पडते, माझा फोटो आहे त्यात. तो हसला. म्हणे, म्हणूनच लॅबवाल्याला सांगितलं, सगळ्यांच्या आधी माझ्या बायकोचा उघड. एकदा पाहिला की तुझी भीती जाईल —

कटला. लावून राहिली. लागत नाही.

केशोरावांनी चहा हातात दिला. पी म्हणे, शांत हो —

मेसेज आला. तिलकचा. उघडला, म्हणे. रंग इतके छान आले, म्हणे. खिडकी, उजेड, हातात चहाचा —

मी कप खाली ठेव