शालनच्या ऑपरेशनआधी

४ नोव्हेंबर
आज पुन्हा तसंच. खुर्चीतून उठले आणि पहिली चार पावलं उजवा गुडघा भार घेईना. मग सुटला. ऑपरेशननं सांधा बदलून सात वर्षं झाली, एवढ्या दिवसांत त्यानं कधी आठवणसुद्धा करून दिली नव्हती. ह्यांना बोलले नाही. थंडीमुळं असेल.

७ नोव्हेंबर
धाकटी जाऊ शालन येऊन गेली. तिची तारीख ठरली. २७ ला, पुण्यात. दोन्ही गुडघे एकदमच. वय पन्नास.
"आक्का, तुमच्याकडं बघूनच धीर झाला. ऑपरेशन करून तुम्ही परत शाळेत उभ्या ऱ्हायला, रिटायर होस्तवर शिकवलं."
मी हसले. चहाला उठले ते ओट्याला धरूनच. तिनं पाहिलं नसावं.
आमच्या मांडवगणात तिघींना मीच सांगितलं होतं, घाबरू नका, करून घ्या. शालन चौथी.

११ नोव्हेंबर
ह्यांनी पकडलंच. जिना उतरताना दोन्ही हात कठड्यावर. "कधीपासून?" दिवाळीपासून म्हटलं. खरं म्हणजे गणपतीपासून.

१३ नोव्हेंबर
दौंड. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. धातूच्या कडेनं हाडात एक बारीक काळी रेघ. "बाई, ही इथं नको होती."
सांधा हाडापासून सैल झाला असेल, नाहीतर आत जंतू शिरले असतील. नुसता सैल असेल तर जुना काढून नवा बसवायचा. जंतू असले तर जुना काढून काही आठवडे औषधाचा तात्पुरता सांधा, मग पुन्हा फाडायचं. रक्त घेतलं. गुडघ्यात सुई घालून पाणी काढलं. पाण्याच्या रिपोर्टला वेळ लागणार.
विचारलं, दुसऱ्यांदा केलं की पहिल्यासारखं होतं का?
"तसं मी म्हणणार नाही. हाड कमी उरलेलं असतं, ऑपरेशन मोठं, जंतूंची भीती जास्त. पुष्कळ जण चालतात. पण पहिल्यासारखं धरून चालू नका."
माझं काय चुकलं?
"चुकलं नाही. पण तुम्ही बावन्नाव्या वर्षी केलंत. पूर्वी माझ्याकडं सत्तरीतली माणसं यायची, आता पन्नाशीतली येतात. पुढं आयुष्य मोठं असतं, वापरही जास्त. त्यातल्या काहींना परत यावं लागणार."
पन्नाशीतली. घरी येईपर्यंत तेवढंच डोक्यात.

१५ नोव्हेंबर
शालनचा दोनदा फोन. दवाखान्यात काय काय न्यायचं विचारत होती. गाऊन, टॉवेल, मागून बंद असलेली चप्पल… सगळं नीट सांगितलं. जे सांगायचं ते सोडून.
हे म्हणतात, "तुझं तुझ्यापाशी ठेव. तिला कशाला घाबरवतेस?"
पण मग तिला धीर तरी कशाला दिला होता मी?

१७ नोव्हेंबर
सांगितलं. तिच्या शेवंतीच्या बांधावरच. ती वाफ्यात बुडावर सरकत फुलं तोडत होती. वाकता येत नाही, म्हणून अशी. मी उभ्यानंच बोलले.
तिनं हात थांबवला नाही. "मंजी तुमचा परत काढायचा?"
बहुतेक.
"आन् हे तुम्ही आत्ता सांगताय."
फुलं पाटीत टाकली आणि पुढच्या झाडाकडं सरकली.

१९ नोव्हेंबर
आज स्वतःच आली, एक्स-रेची पिशवी घेऊन. दोघी दौंडला गेलो. डॉक्टरांनी तिचे फोटो बराच वेळ पाहिले. डावा गुडघा पार घासलाय, तो करावाच लागेल. उजवा अजून थांबू शकतो. वजन थोडं उतरवा, मांडीचे व्यायाम, मांडी घालून बसणं बंद. "दोन्ही एकदम करायची घाई मला दिसत नाही. पण पुण्याच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा."
परत येताना ती बाहेर उसाच्या गाड्या बघत होती. शिवेपाशी आल्यावर म्हणाली, "एक सांगा आक्का. ती सात वरसं कशी गेली?"
चांगली गेली. वाईट गेली असं खोटं सांगता येईना. वर्गात उभी राहिले, लेकीच्या लग्नात सगळ्यांना वाढलं, डोंगरावरच्या देवाला पायऱ्या चढून गेले.
"मला संडासला बसता येत न्हाई. उकिडवं बसून फुलं तोडायची, ते बी न्हाई. मला सात मिळाली तरी लई झाली."
आणि पुढची?
"पुढचं पुढं."
असं म्हणाली खरी, पण माझा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही.

२१ नोव्हेंबर
गुडघा आज किंचित गरम वाटतोय. की मीच सारखा हात लावून गरम करतेय? ह्यांनाही हात लावून बघायला सांगितलं. "सारखाच आहे," म्हणाले. पण डोळे वर करेनात.
शालनचा निरोप नाही. दीर म्हणतात, मिळालेली तारीख सोडायची नाही.

२४ नोव्हेंबर
दौंडहून फोन. रिपोर्ट आलाय. काय आहे विचारलं तर पलीकडची मुलगी म्हणाली, "डॉक्टर समक्ष बोलतील. उद्या अकराला या."
फोनवर सांगण्यासारखा नसेल का? की सगळ्यांनाच असं सांगतात?
संध्याकाळी शालन आली. "मी येते उद्या संगं. तुमचं ऐकते, मग माझं ठरवते. एक का दोन, का एकबी न्हाई."
म्हटलं, माझ्यावरून ठरवू नकोस.
"मग कुणावरून ठरवू?"
मी माझा एक्स-रे पिशवीत भरायला घेतला.
नवाची एसटी आहे. पायरी उंच असते, दोघींना चढायला वेळ लागेल. लवकर निघायला हवं.