हाताने चालणाऱ्या गाडीचं एस्टिमेट

३ फेब्रुवारी, सोमवार

एकूण! नुसतं 'एकूण'! एक ओळ, एक आकडा, खाली सही. कशाकशाचं एकूण, असं विचारलं तर मॅनेजर दादाकडे बघून म्हणाला, "सर, मॅडमना जरा समजवा ना."

सर! गाडी माझी. कागद माझ्या नावावर, बिल मी भरणार, चालवणारही मीच. सर फक्त मला सोडायला आले होते. पण मी चाकांच्या खुर्चीत आणि दादा उभा – आणि जो उभा असेल त्याच्याशीच बोलायचं, असं लोकांनी ठरवूनच टाकलंय.

दुखणं साधं आहे. माझी गाडी हाताने चालते. स्टेअरिंगच्या बाजूला दांडा – पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की वेग. पायांचे पेडल खाली आहेत तसेच आहेत, पण माझ्या पायांना त्यांचा उपयोग नाही. शुक्रवारी सिग्नलला दांडा पार शेवटपर्यंत ढकलला, तरी गाडी सरकत राहिली. पुढच्या टेम्पोला टेकता टेकता थांबली. तेव्हापासून हात लावलेला नाही. मी हट्टी आहे, वेडी नाही.

त्या गॅरेजात एसी आहे, कॉफीचं मशीन आहे, बसायला सोफे आहेत. माझ्या चष्म्याच्या दुकानात पंखा खडखडतो, पण गिऱ्हाइकाला फ्रेमचे किती, काचेचे किती, हे वेगवेगळं सांगते मी. 'एकूण' म्हटलं तर लोक दुकान डोक्यावर घेतील.

५ फेब्रुवारी

दुसरं गॅरेज. आधी म्हणे, असल्या गाडीला आम्ही हात लावत नाही. मग डोकं खाजवून – "मॅडम, तो दांडाच काढून टाकतो की! गाडी एकदम नॉर्मल होईल."

गाडी नॉर्मल होईल. आणि मी कुठे बसू, डिकीत?

दादाला हसू आवरेना. मला रडू आवरेना, म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसले.

६ फेब्रुवारी

सकाळी दुकान उघडायला उशीर, कारण दादाला उशीर. संध्याकाळी गिऱ्हाईक अर्धवट सोडून निघाले, कारण दादाला घाई. त्यात त्याचं चालवणं! दुकानाच्या फाटकाच्या खांबाला त्याच्या गाडीचा आरसा घासला. म्हणतो, "हा खांब इथे कोणी आणून ठेवला?" दुकान होण्याआधीपासून आहे तो खांब! पुढे एका सायकलवाल्यावर ओरडला – "कुठून उगवतात हे!" उगवला कुठून? डावीकडून, सरळ, सगळ्यांसारखा. हा माझ्याशी वाद घालत गाडी चालवतो, रस्त्याकडे लक्ष नको?

वाद नेहमीचाच. "कशाला एवढी डोकेफोड? विकून टाक. माझ्या ऑफिसातला एकजण घ्यायला तयार आहे. मी आहे ना न्यायला-आणायला!" वहिनीही फोनवर तेच. "अहो ताई, आम्ही काय परके आहोत का?"

परके नाहीत, हीच तर पंचाईत आहे. परक्यावर ओरडता तरी येतं.

गाडी यायच्या आधी माझा दिवस बाकीच्यांच्या सवडीवर चालायचा. कुणाच्या लग्नात जेवण झालं की निघायचं, कारण न्यायला आलेत. मैत्रिणीशी बोलणं रंगात आलेलं असताना उठायचं, कारण खाली थांबलेत. लायसन्स मिळालं त्या दिवशी मी कुठेच गेले नव्हते. तळ्याला एक फेरी मारली आणि घरी आले. कुणीही विचारलं नाही कुठे होतीस, आणि मला इतकं बरं वाटलं होतं!

दादा वाईट नाही. जीव लावतो. पण गॅरेजांनी आणखी दोन आठवडे असंच नाचवलं, तर एक दिवस दमून मी त्याला 'हो, विक' म्हणेन. मला भीती दादाची नाही, माझ्या दमण्याची आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

"मग मॅडम, तुमच्या मते एस्टिमेट कसं असावं?" असं त्या एसीवाल्याने कुत्सितपणे विचारलं होतं. तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज भाजी निवडताना सुचलं. ऐक, एसीवाल्या!

आधी बिघडलंय काय ते लिही. 'दांडा सैल' हे मी तुला सांगितलं, तेच कागदावर मला परत देऊ नकोस. उघडून बघायचे वेगळे पैसे असतील तर तसं म्हण, देते. पार्ट कोणता घालणार? ज्यांनी दांडा बनवला त्यांचा, की कुठलातरी घासून-पुसून बसवणार? मजुरी वेगळी लिही. आणि असं काम तुझ्याकडे आजवर कुणी केलंय का, ते सांग. नसेल केलं तर नसेल, शिका बापड्यांनो, पण शिकायचे तास माझ्या मजुरीत नकोत!

खोलल्यावर आणखी काही निघालं तर थांबायचं आणि विचारायचं. मला. सरांना नाही.

किती दिवस लागतील, तेही हवं. बाकीच्यांची गाडी गॅरेजात गेली की ते बसने जातात, रिक्षाने जातात, चालत जातात. माझी गाडी गेली की माझे पायच जमा होतात. त्याचा आकडा कुठल्याच एस्टिमेटमध्ये नसतो. आणि हमी – 'ती बाहेरून बसवलेली वस्तू आहे, ती हमीत येत नाही' हे ऐकून ऐकून कान किटलेत. अरे, त्याच वस्तूसाठी तर आलेय ना तुझ्याकडे!

लिहून बरं वाटलं. भाजी करपली.

११ फेब्रुवारी

तिसरं गॅरेज. मालक प्रत्येक वाक्याला "हो हो" म्हणतो. म्हणून तो होहो. रविवारचं सगळं त्याला घडाघडा म्हणून दाखवलं.

"पार्ट वेगळा लिहा."

"हो हो."

"मजुरी वेगळी."

"हो हो, ताई."

आणि लिहिलं की खरंच! पार्ट, मजुरी, तपासणी, दिवस, दांड्याची हमी – सगळं सुटं. आकडा एसीवाल्यापेक्षा जास्त आहे. तरी मी तिथल्या तिथे हो म्हटलं, कारण कशाचे पैसे देतेय ते कळलं. आणि बोलताना तो माझ्याकडे बघत होता, चक्क खाली स्टूल ओढून बसून.

दादा गाडीत बसून घड्याळ बघत होता.

१५ फेब्रुवारी

होहोचा फोन. खोलल्यावर आतली एक सळई वाकलेली निघाली. "बदलू का, ताई? विचारल्याशिवाय हात लावला नाही." बदला म्हटलं. मनातल्या मनात त्याला ओवाळलं.

१८ फेब्रुवारी

पार्ट उद्या येतोय.

२० फेब्रुवारी

पार्ट उद्या येतोय! ओवाळलेलं सगळं परत घेतलं. दादाने आज पुन्हा माझ्या गाडीच्या गिऱ्हाइकाचा विषय काढला – "तो वाट बघतोय गं, किती दिवस अडकवून ठेवायचं त्याला?" नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण कंटाळा आला. हेच. हीच भीती होती मला.

वळताना गाडी दुभाजकावर चढवली त्याने. डोकं आपटलं माझं. वर मलाच म्हणतो, "बोलत जाऊ नकोस मी चालवताना." मी गप्प होते!

२४ फेब्रुवारी

गाडी आली. होहो स्वतः घेऊन आला, हसत. "मस्त चालते, ताई! गावभर फिरवून आणली."

बसले. दांडा इतका पुढे बसवलेला की ढकलायला गेले तर हात पुरेना! पुढे वाकले तर खांदा सीटवरून सुटतो. वाकून ब्रेक लावायचा म्हणजे दर सिग्नलला नमस्कार घालायचा.

"अहो, मग तुम्ही चालवलीत कशी?"

होहो माझ्याकडे बघतो, पेडलकडे बघतो. "पायानंच की…"

गावभर! गावभर पायाने फिरवून आणली! दांड्याला बोटही लावलेलं नाही! ज्या कामासाठी गाडी ठेवून घेतली तेवढं सोडून बाकी सगळं तपासलं – हॉर्नसुद्धा. मी इतकी ओरडले की शेजारचा शिंपी बाहेर आला.

रागाच्या भरात लक्षात आलं, रविवारी एवढं पुराण लिहिलं त्यात मीही हे घातलं नव्हतं. चालवून बघणं म्हणजे हाताने बघणं, हे सांगावं लागेल असं मला वाटलंच नाही.

२५ फेब्रुवारी

होहोच्या गॅरेजमागे मोकळी जागा आहे. म्हटलं, बसा सीटवर. पाय वर घ्या.

"वर म्हणजे?"

"मांडी घाला!"

तो धिप्पाड माणूस स्टेअरिंगमागे जेवायला बसल्यासारखा मांडी घालून बसला. गाडी सुरू केली, दांडा ओढला, गाडी उसळली, आणि ब्रेकच्या वेळी त्याची मांडी आपोआप सुटली! दोनदा सुटली. तिसऱ्यांदा नाही. घाम पुसत उतरला. पहिल्यांदाच 'हो हो' म्हणाला नाही. म्हणाला, "ताई, तुम्ही हे रोज करता?"

मग माझा हात कुठवर पोचतो ते खडूने आखून घेतलं, दांडा अलीकडे घेतला, पुन्हा मांडी, पुन्हा फेरी. शेवटी मी चालवली. ढकलला की थांबते. जिथल्या तिथे!

२६ फेब्रुवारी

एकटी गेले, एकटी आले. दादाला सांगून टाकलं, तुझ्या गिऱ्हाइकाला दुसरी गाडी शोध. तो चिडला नाही. "बरं," म्हणाला, जरा उतरल्या आवाजात. रुसला असेल. रुसू दे.

१ मार्च, शनिवार

दादा दुकानात आला, वाचायचा चष्मा करायला. आजवर माझ्याकडच्या तपासणीच्या खुर्चीत कधी बसला नव्हता – रस्त्यावरचा चष्मा बरा म्हणायचा. तक्त्याची शेवटची ओळ धडाधडा वाचली. मग सगळ्यांना सांगते तसं म्हटलं, माझ्या नाकाकडे बघ, नजर हलवू नकोस. डावीकडे हात धरला.

"बोटं किती?"

"कुठली बोटं?"

हात आत आणला. आणखी आत. जवळजवळ माझ्या गालाला लागला, तेव्हा म्हणाला, "हां, दोन."

उजवीकडेही तेच. समोरचं सगळं दिसतं, बाजूचं काहीच नाही.

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. त्याच्या गाडीची किल्ली मी काढून घेतली, घरी मीच सोडलं. त्याने उतरून दार लावलं, मग खिडकीशी वाकून विचारलं, "सोमवारी कितीला येशील?"