साडूच्या घरचं पाणी न पिता कन्नडला जाणे

२० मार्च, बुधवार
वही नवी. गाडीही आमच्यासाठी नवी. फर्दापूरला एका टुरिस्टवाल्याचा धंदा बसला, त्याच्याकडून आमच्या बद्रीनाथनं ती जीपमागं ओढत आणली. दोन चाकांची खोली. आत पलंग, पंखा, दिवा. पुढच्या पेटीत बॅटरी. जीप चालली की बॅटरी आपोआप चार्ज होते. गल्लीतले लोक तिला चाकावरची टपरी म्हणतात. म्हणू द्या.

बेत: पाडव्याच्या आत आवडाबाईला कन्नडला तिच्या बहिणीकडं न्यायचं. मनकर्णाअक्का खुबा मोडून खाटेवर पडली आहे. पण तिचा नवरा कारभारी माझा साडू, आणि साडूच्या घरचं पाणी पिणार नाही, त्याच्या छपराखाली झोपणार नाही, असा शब्द मी अकरा वर्षांपूर्वी लग्नाच्या भर मांडवात दिलेला आहे. त्यानं मला मानाची टॉवेल-टोपी सातव्या नंबरला दिली. मी त्याच्या गालाला फक्त हात लावला. माईक चालू होता म्हणून आवाज जास्त आला.

आवडाबाईला झोपताना नाकाला श्वासाचं मशीन लागतं. ते बॅटरीवर चालवायचं. गाडी साडूच्या दारात, आम्ही गाडीत. शब्द राहील, भेटही होईल.

आवडाबाई म्हणाली, त्यांच्या भिंतीला बटणं हायेत की, मी आत झोपते, तुम्ही रहा दारात. शब्द काय असतो ते तिला कळत नाही.

२१ मार्च, गुरुवार
गाडीला निळ्या ऑइलपेंटचे दोन हात दिले. चेसी, नटबोल्ट, बॅटरीच्या पेटीतले कोपरेसुद्धा. सुईच्या टोकाएवढी जागा सोडली नाही. चिकलठाण्याच्या कंपनीत एकोणतीस वर्षं पेंट शॉपला होतो, उगाच नाही.

२३ मार्च, शनिवार
बॅटरी चार्ज होत नाही. जीप दीड तास चालू ठेवली. पेटीवरचा काटा जागचा हलला नाही. दिवा काजव्यासारखा.
निश्चय: रागवायचं नाही. बीपी आहे.

२४ मार्च, रविवार
इलेक्ट्रिशियन फकिरा आला. मीटर लावलं आणि मिनिटात म्हणाला, "काका, बॅटरी चांगली, वायर चांगली. ही काळी वायर ज्या बोल्टानं चेसीला धरलीय ना, तिथं रंग लई बसलाय. अर्थिंग मिळंना. कानशीनं खरवडा, दोन मिनटाचं काम हाय."
माझा रंग खरवडा! एकोणतीस वर्षांत सुपरवायझरची अशी हिंमत झाली नव्हती. हातात पाना होता, तो सुटला. फकिराला लागला नाही, मीटरला लागला. तो म्हणाला, वयाकडं बघून सोडतो. पण सोडलं नाही. कॉलर धरून दोनदा गाडीवर आपटलं. पाठ दुखते. रंगाला मात्र साधा ओरखडा नाही. यालाच काम म्हणतात.

२५ मार्च, धूळवड
विचार केला. कंपनीतला काँप्रेसर लाथ घातल्याशिवाय चालू होत नसे. बॅटरीला तीन लाथा घातल्या. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं. काटा तिथंच.
आवडाबाईला सांगितलं की प्रगती आहे.

२७ मार्च, बुधवार
बॅटरी फुटून आग लागली तर, या विचारानं झोप नाही. शेजारी वाळूची बादली ठेवली. मग बॅटरीच्या झाकणाच्या कडा सैल करायला हातोडी घेतली. चौथ्या घावाला झाकण उडालं, ॲसिड मांडीवर. पायजमा गेला, खालची कातडी थोडी गेली. आवडाबाईनं नळाची नळी माझ्यावर धरली आणि पाणी पडत होतं तोवर शिव्या दिल्या. पाणी बंद केल्यावरही दिल्या.
निश्चय: हातोडी वापरायची नाही. गरज पडल्याशिवाय.

२९ मार्च, शुक्रवार
कारण सापडलं. शेजारचे तात्यासाहेब माझा करंट ओढतात. त्यांच्या खिडकीपासून थेट माझ्या गाडीच्या कडीपर्यंत तार. पक्कडीनं तोडली. ती कपडे वाळत घालायची निघाली. त्यांचं धोतर, दोन चादरी गटारात. माणूस रिटायर कारकून, अंगात काही नाही, पण बोटात अंगठी आहे. माझा खालचा एक दात गेला. वाळूच्या बादलीत सापडला.
मी त्यांच्या पोटात डोकं घातलं होतं, हे लिहून ठेवतो. ते लोकांना वेगळंच सांगत आहेत.

१ एप्रिल, सोमवार
कन्नडहून फोन. अक्का आवडाबाईला म्हणाली, "जित्तेपणी यायचं तर आत्ता ये. नायतर एकदम दहाव्यालाच ये, दोन खेपा नको." आवडाबाईनं फोन ठेवला, पिशवी भरली आणि मला म्हणाली, पाडव्याला मी तिथं असणार, तुमची बॅटरी असो का नसो.
बेताला तिचा पूर्ण पाठिंबा आहे.

३ एप्रिल, बुधवार
नवी बॅटरी आणली. तीही चार्ज होत नाही. म्हणजे फसवणूक. दुकानावर जाऊन काउंटरवर मूठ आपटली. दुकानदार न बघताच म्हणाला, बाबा, अर्थिंग बघा. म्हणजे फकिरानं सगळ्या शहराला पढवलेलं आहे! मी त्याचं पावतीबुक त्याच्याच तोंडावर मारलं. दोन गड्यांनी मला उचलून रस्त्यावर ठेवलं. ठेवलं म्हणजे टाकलं. कोपर सोललं.
घरी येऊन त्या बोल्टाला रंगाचा तिसरा हात दिला. आता कुणाला बोलायला जागा नको.

६ एप्रिल, शनिवार
दुपारी झोप लागली होती. खर्र खर्र आवाज आला. बघतो तर बद्रीनाथ पेटीत वाकून बोल्टावर कानस घालतोय. पोटचा पोरगा, वय बावन्न. मी काठी त्याच्या मनगटावर घातली. कानस पडली. त्यानं काठी माझ्या हातातून घेतली, गुडघ्यावर मोडली आणि दोन्ही तुकडे पत्र्यावर भिरकावले. मला हात लावला नाही. संस्कार माझे आहेत.
त्याचं मनगट सुजलं. आवडाबाई हळद लावत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला बहीण एकच हाय." एवढंच. रागवून बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं.
खरवडलेल्या जागी परत रंग लावला. थोडाच.

८ एप्रिल, सोमवार. मुक्काम कन्नड
आलो. साठ किलोमीटर जीप चालली की बॅटरी भरणारच, असा माझा हिशेब. वाटेत तीनदा उतरून काटा बघितला. तिसऱ्यांदा बद्रीनाथनं मला खाली ठेवूनच जीप हलवली. पळत गाठली. निजामावरच्या पोलीस अ‍ॅक्शनच्या दुसऱ्या वर्षाचा जन्म माझा, पण पळतो अजून.
साडूच्या दारात गाडी लावली. काटा तिथंच.
कारभारी ओट्यावरून उतरला. शहात्तर वर्षांचा, ताठ. बद्रीनाथनं त्याला काय ते सांगितलं असावं, कारण येताना कानस घेऊनच आला. वाकून बोल्ट खरवडायला लागला. मी त्याच्या पाठीवर उडी घेतली. दोघं खाली. त्याची टोपी माझ्या हातात, माझा कान त्याच्या हातात. मग त्यानं मला सरळ बसवलं आणि गालावर एक दिली. नांगर धरलेला हात. माईक नव्हता, तरी गल्लीच्या टोकापर्यंत दारं उघडली.
आतून खाटेवरून अक्का ओरडली, "आवडे, मरू दे त्या दोघा थेरड्यांना भांडून! तू आत ये!"
आवडाबाई पिशवी घेऊन आत गेली. मागं बघितलं नाही.
कारभारीनं बोल्ट खरवडला, आवळला, बद्रीनाथला जीप चालू करायला सांगितलं. काटा चढला. "साडूभाऊ," तो म्हणाला, "रंग मात्र झकास दिलाय."
अकरा वर्षांत पहिलं वाक्य. मी त्याची टोपी झटकून त्याला परत दिली.

९ एप्रिल, पाडवा. सकाळी ११
बॅटरी फुल्ल. माझंच म्हणणं खरं ठरलं, बॅटरी चांगलीच होती.
श्वासाचं मशीन आत भिंतीच्या बटणाला लावलं आहे. दोघी बहिणींच्या खाटा शेजारी शेजारी. खिडकीतून हसणं ऐकू येतं. आवडाबाईचं असं हसणं मी विसरलो होतो. बद्रीनाथ पुरणपोळी खाऊन जीप घेऊन गेला. पंधरा दिवसांनी येणार. ती पंधरा दिवस राहणार, असं त्या तिघांनी ठरवलं आहे. मला विचारलं नाही.
घरून आणलेला पाण्याचा कॅन संपला.

दुपारी १
दिवा लावून बघितला. उत्तम लागतो. उन्हात कळत नाही. पंखा फुल स्पीडला, गरम वारा मारतो. पत्रा तापला आहे. शब्द पाळला.
आवडाबाई दारात येऊन म्हणाली, "अहो, पाणी?" म्हटलं, तहान नाही. आत गेली.

दुपारी ४
चौकशी केली. इथं महिनाभर नळ नाही, पाणी टँकरचं येतं. म्हणजे ते साडूच्या घरचं पाणी होत नाही. हा मुद्दा आधी कुणी सांगितला नाही.
तांब्या कारभारीच घेऊन आला. तोंड दुसरीकडं करून हात पुढं केला. मीही तोंड दुसरीकडं करूनच प्यालो. अर्धं सदऱ्यावर सांडलं. त्यानं दुसरा तांब्या आणला.