तीऊची घसरगाडी

सरोवराकाठ, घरून
२० जानेवारी १९९९, बाप्तिस्म्याच्या सणाचा दुसरा दिवस

ती. येवलांपियाताईस,

उस्तीन्याचा कमरेतून वाकून नमस्कार. देवाच्या कृपेनं आम्ही उभे आहोत. रीगाच्या त्या जिन्यांवर तुझे गुडघेही त्यानं असेच उभे ठेवावेत.

कांद्याच्या वेण्या बहुतेक सगळ्या गेल्या. चांगल्यातल्या चांगल्या मी तुझ्यासाठी माळ्यावर टांगून ठेवल्या आहेत, ईस्टरला आलीस की घेऊन जा. सावाती फिनलंडात बांधकामावरच आहे. रविवारी फोन करतो, आणि लेकाचे पैसे जळतात म्हणून फोन मीच लवकर ठेवते.

तू दोन गोष्टी विचारल्यास. म्हातारा अजून सरोवराच्या बर्फावर मासे धरायला जातो का? जातो. डॉक्टरांनी बजावलं होतं, छातीला ताण नको, ओझं ओढायचं नाही. म्हाताऱ्यानं तिथे शहाण्यासारखी मान हलवली आणि घरी येऊन आपल्या बापाच्या वेळची ती ओढत न्यायची ओकची पेटी बाहेर काढली. तिच्याखाली लोखंडी पट्ट्या आहेत. ताज्या बर्फात ती पेटी नांगरासारखी रुतते. गेल्या हिवाळ्यात तो परत यायचा तेव्हा चेहरा राखेसारखा झालेला असायचा, आणि विचारलं की म्हणायचा, वारा होता.

दुसरं विचारलंस, सून वेगळ्या भांड्यात जेवते ना? ताई, परक्या धर्माच्या माणसांची फळी दाराशी होती तिथेच आहे. तिचा कप, तिची थाळी, तिचा चमचा त्या फळीवर. ती आपली भांडी आपणच घेते, खिडकीशी वेगळी बसून जेवते, आपणच वेगळ्या पाण्यात धुऊन ठेवते. लग्न होऊन आल्यापासून मला एकदाही आठवण करून द्यावी लागली नाही. गावात एवढं पाळणारी घरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली. तू वर्षातून एकदा आमच्याकडे निर्धास्त जेवतेस ती त्या फळीच्या भरवशावर, हे मी जाणून आहे.

आता खरी बातमी. सूनबाई तीऊ म्हाताऱ्यासाठी घसरगाडी बांधते आहे, स्कीवरची.

ती ओतेपाकडची. तिकडची पोरं चालायच्या आधी स्कीवर उभी राहतात म्हणे. लग्नात तिनं आणलं काय, तर एक शिवणयंत्र आणि वारलेल्या वडिलांच्या लाकडी स्की, माझ्याहून लांब. त्या तिनं कोठारातून काढल्या आणि सरळ करवतीच्या घोडीवर ठेवल्या. मला वाटलं, पुसून परत ठेवेल. तर तिनं गिरमिट हातात घेतलं. मी म्हटलं, "अगं, बापाची वस्तू आहे."

"म्हणूनच," ती म्हणाली. "ते असते तर उभ्या ठेवू दिल्या नसत्या."

पण तळाला तिनं भोक पाडलं नाही हो. वरून लाकडाचे ठोकळे सरसानं चिकटवले आणि आखूड स्क्रू वरूनच मारले, म्हणजे खालची बाजू जशीच्या तशी गुळगुळीत राहिली. जुन्या पलंगाच्या पट्ट्यांचा सांगाडा केला. म्हातारा दारात उभा राहून बघत होता.

"काय गं, कोंबड्यांचं खुराडं फिरायला निघालं का?"

"कोंबड्या नाहीत, झिनोवी लाव्रेन्तिच. तुमचं बर्फाचं गिरमिट, तुमची जाळी, तुमची पेटी. आणि मासे, मिळाले तर."

"मिळाले तर, म्हणते. ऐकलंस, उस्तीन्या?"

"ऐकलं. खोटं काय त्यात?" मी म्हटलं.

पहिल्या दिवशी गाडी काठच्या बोरूच्या बेटापाशी बर्फाच्या पहिल्याच उंचवट्यावर आडवी झाली. फार उंच बांधली होती. म्हातारा दिवसभर खुशीत. तीऊनं सगळी खोलली, बुटकी केली, रुंद केली. मग म्हातारा म्हणाला, ओढायला दोरीच हवी, आमच्याकडे दोरीच असते. लावली दोरी. उघड्या काचेसारख्या बर्फावर गाडी मागून धावत आली, म्हाताऱ्याच्या टाचांवर आपटली आणि म्हातारा धपकन तिच्यातच बसला.

"बसायचंच होतं तर सांगायचं," तीऊ म्हणाली, "मी उशी घातली असती."

दोरी गेली. दाताळ्याचे दोन लांब दांडे घोड्याच्या गाडीसारखे पुढे लागले. आता गाडी ना अंगावर येते, ना बाजूला पळते. दुसऱ्या दिवशी बघते तर म्हातारा चुलीवर पाइनचं डांबर गरम करतोय, स्कीच्या तळाला चोळायला. घरभर वास. वर तिला शिकवत होता, "थांबलीस की खाली बोरूच्या काड्या सारायच्या. नाहीतर ओला बर्फ गोठतो आणि गाडी तिथेच मुळं धरते. हे तुमच्या ओतेपात नाही शिकवत."

मी हिशेब लिहायला बसले तर स्क्रूच्या एका पुडीपलीकडे लिहायला काही नव्हतं. ताई, परक्या धर्माची आहे खरी, पण हातात देवानं काहीतरी ठेवलं आहे.

आशीर्वाद असू दे.
तुझी धाकटी,
उस्तीन्या


४ फेब्रुवारी १९९९

ती. ताईस,

घाईत लिहिते. घाबरू नकोस. म्हातारा तार्तूला इस्पितळात आहे. बर्फावर असताना छातीत कळ आली. तीऊ त्याच्याबरोबर होती, कारण ओझं त्याला ओढू द्यायचं नाही हा तिचा हट्ट. तिनंच त्याला घसरगाडीवर घालून काठाला आणलं. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. आता धोका नाही. तिथल्या नर्सबाई त्याला पेज भरवतात म्हणून रागावलाय, म्हणजे बरा आहे.

सावाती दोन दिवस येऊन गेला. फेवरोनिया शेजारधर्मानं दूध आणून देते आणि बदल्यात बातम्या घेऊन जाते.

ईस्टरला येशील तेव्हा रीगाहून तुमच्याकडच्या त्या चांगल्या मेणबत्त्या आण, पैसे मी देईन.

तू विचारण्याआधीच लिहिते, फळी आहे तिथेच आहे.

बाकी सावकाश.
उस्तीन्या


२१ फेब्रुवारी १९९९, क्षमेचा रविवार

ती. येवलांपियाताईस,

तुझं पत्र काल आलं. फेवरोनियानं तुला कळवलंच. तिच्यावर माझा राग नाही. तिनं कळवलं नसतं तर मी आणखी किती दिवस सावकाश लिहीन म्हणत बसले असते, देव जाणे.

उद्यापासून मोठा उपास. आज सकाळपासून लोण्यातले घावन केले, शेवटचं लोणी संपवलं, आणि तव्यावरून उठून आधी हे लिहायला बसले. दरवर्षी आजच्या दिवशी मी तुझी क्षमा मागते, तू म्हणतेस देव क्षमा करील, आणि मग आपण दोघी रडतो. कशाची मागतो ते कधी बोलत नाही. यंदा बोलते.

म्हाताऱ्याला कळ आली त्या दिवशी दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला. पश्चिमेच्या वाऱ्याचं तुला सांगायला नको. बर्फ आपल्या काठापासून सुटतो आणि पूर्वेला सरकायला लागतो. दोघं आवरून निघाले आणि तेवढ्यात म्हातारा गुडघ्यावर बसला. तीऊनं गाडीवरचं सगळं खाली फेकलं. दिवसभराचे मासे, पेटी, जाळी आणि त्याचं ते लाडकं गिरमिट.

"गिरमिट घे," म्हातारा म्हणाला.

"गाडीवर गिरमिट बसेल नाहीतर तुम्ही. ठरवा."

त्याला आडवा केला, आपला कोट त्याच्यावर टाकला आणि दांडे कमरेला धरून ओढायला लागली. काठाजवळ आली तर मधे भेग पडलेली. दोन हातांची, काळं पाणी. म्हातारा सांगतो, तिनं त्याला उतरवलं आणि रिकामी गाडी भेगेवर आडवी सारली. स्की लांब, दोन्हीकडच्या बर्फावर टेकल्या. पूल झाला. "रांगा," म्हणाली. तो छाती धरून रांगत पलीकडे गेला. मागून ती निघाली तर अलीकडचा काठ तुटला आणि ती मांडीपर्यंत पाण्यात गेली. स्कीला धरून वर आली. गाडी ओढून घेतली, त्याला पुन्हा वर घातला, आणि तशीच ओल्या कपड्यांनी काठापर्यंत आणला. एकटीनं. गाडी जराशी रुतली असती, जराशी उंच असती, दोरीची असती, तर आज मी काळे कपडे घालून तुला पत्र लिहीत असते. त्या मुलीनं सगळं आधीच विचार करून बांधलं होतं. मी घरात बसून नुसती जपाचा पट्टा फिरवत होते.

शेजाऱ्यांनी म्हाताऱ्याला आत आणलं, रुग्णवाहिकेला फोन केला. मी त्याला शाली गुंडाळत होते. वळून बघते तर तीऊ दाराशी. विजार लाकडासारखी ताठ झालेली, ओठ निळे. आणि ताई, ती फळीपुढे उभी होती. आपला कप घ्यायला. अशा वेळी. बोटं वळत नव्हती म्हणून कप उचलता येत नव्हता, आणि ती पुन्हापुन्हा हात लावून बघत होती.

चहाचा सामोवार उकळत होता. मी माझ्या कपात चहा ओतला, साखर घातली, आणि तिच्या ओठांना लावला. तिनं तोंड मागे घेतलं. म्हणाली, "हा तुमचा आहे."

"पी," मी म्हटलं.

अर्धा प्यायली. फेवरोनिया बघत होती. उरलेला मी प्यायले.

फेवरोनियानं ते प्रार्थनाघरात पोचवलं. येर्मोलायबाबांनी बोलावलं तेव्हा मी आधी म्हटलं, साखर घातलेला चहा मी आयुष्यात ओतून दिलेला नाही. ते हसले नाहीत. प्रार्थनाघरातले वडीलधारे ते, त्यांचंही बरोबर. मग मी खरं सांगितलं. चहा वाया जाईल म्हणून मी प्यायले नाही. तिच्या तोंडचा होता म्हणून प्यायले. त्यांनी विचारलं, पश्चात्ताप होतो का? मी म्हटलं, "नियम मोडल्याचं वाईट वाटतं, बाबा. पाजल्याचं वाटत नाही. इतकंच खरं सांगता येतं."

त्यांनी प्रायश्चित्त दिलं. रोजचे साष्टांग नमस्कार, आणि ईस्टरपर्यंत सगळ्यांच्या मागे, दाराशी उभी राहून प्रार्थना करायची. मी नमस्कार एकही चुकवत नाही. म्हातारा इस्पितळातून आला, त्यानं ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी आपणहून माझ्या शेजारी मागे येऊन उभा राहिला. डॉक्टरांनी उभं राहू नको म्हटलंय, तर म्हणतो, "भिंतीला टेकतो की. पुढे टेकायला भिंत कुठाय?"

परवा येर्मोलायबाबा अंगणात आले. घरात आले नाहीत. घसरगाडीपाशी उकिडवे बसले, स्कीच्या तळावरून हात फिरवला, दांडे हलवून बघितले.

"हे तिनं केलं?"

"तिनंच."

"सरपण वाहायला अशी एक होईल का, विचार तिला," म्हणाले, आणि निघून गेले.

आता क्षमेचं. मी तुला लिहिलं, फळी आहे तिथेच आहे. ते खरं होतं. तिच्यावर काही नाही, हे लिहिलं नाही. तीऊचा कप आमच्या कपांच्या रांगेत आहे. ती अजून चुकून दाराकडे हात नेते आणि मग तिला आठवतं. तुझ्यापासून मी हे लपवलं, कारण तू ईस्टरला येणार नाहीस अशी भीती वाटली. आई गेल्यापासून एकही ईस्टर तुझ्याशिवाय झाला नाही. त्या लपवण्याची मी तुझ्या पायाशी वाकून क्षमा मागते, ख्रिस्तासाठी मला क्षमा कर. चहाची मागत नाही. मागितली तर आजच्या दिवशी खोटं बोलल्यासारखं होईल.

तू लिहिलंस, बाटलेल्या घरात मी पाणीसुद्धा कसं घेऊ. खरं आहे, तू लहानपणापासून जे पाळलंस ते माझ्यासाठी मोडू नकोस. मी तुला तसं सांगणार नाही. येताना तुझा कप, तुझी थाळी घेऊन ये. मी वेगळ्या पाण्यात धुईन, वेगळ्या फडक्यानं पुसीन, तूच शिकवलंस तसं, आणि आमच्यातलं कुणी वाईट वाटून घेणार नाही. पण टेबल एकच असेल, ताई. तीऊ यंदा खिडकीशी बसणार नाही.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी संध्याकाळच्या गाडीला बसथांब्यावर तीऊच येईल. तिला तुझी पिशवी उचलू दे. बाकी तू ठरव.

प्रार्थनाघरात दाराशी उभी असणारी, तरी तुझीच,
उस्तीन्या