बाबांच्या खुर्चीखालचं पोळं

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तुमच्याकडे सगळे ठणठणीत असतील असं धरून चालते. माझी तब्येत तू विचारली नाहीस, तरी सांगते, बरी आहे.

काल तुझा ड्रायव्हर बाबांची खुर्ची न्यायला आला आणि मानेवर तीन डंख घेऊन परतला. त्यावर तू फोनवर मला निष्काळजी म्हणालीस (नऊ वर्षं बाबांच्या गोळ्या घड्याळ लावून देणारीला), म्हणून हा लेखी खुलासा.

खुर्ची मागच्या बाल्कनीत असते. दोन महिन्यांपूर्वी एक गांधीलमाशी तिच्या हातावर बसून लाकूड खरवडू लागली. बरोबर तिथेच, जिथलं पॉलिश बाबांच्या तळहातांनी उडालंय. भुसा तोंडात घ्यायचा, थुंकीत मळायचा आणि बैठकीखाली जाऊन त्याचा कागद थापायचा. आधी एक बारीक देठ, मग त्याला उलटे टांगलेले सहाकोनी कप्पे. (तुला षटकोन जन्मात जमला नाही. तुझ्या वहीतले मीच काढायचे.) पाचसहा कप्पे बांधून झाल्यावर दुसरी माशी उगवली. पुस्तकात पाहिलं, तर बहुतेक वेळा ती बहीणच असते म्हणे. आठवड्याभरात या बाईसाहेब पोळ्यावर ठाण मांडून बसल्या, आणि पहिली (तिचा एक पंख फाटकाय, म्हणून ओळखू येते) लाकडाच्या खेपा घालू लागली. मी कुणाचं नाव घेत नाही.

खुर्ची बाबांनी तुला देऊ केली होती, असं तू म्हणतेस. असेल. शेवटच्या वर्षी ते मला तुझ्याच नावाने हाक मारायचे, आणि मी ओ द्यायचे.

ड्रायव्हरला बर्फ लावला, चहा दिला. माणूस सभ्य आहे. मान सुजलेली असताना त्याने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.

तुझी,
ताई

ता. क. मी त्याला "जरा सांभाळून उचला" म्हणाले होते. कशापासून, ते सांगितलं नाही. खोटं बोलू नये, एवढंच कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवलं होतं. त्याची माफी मागितली आहे. तुझी मागणार नाही.

आणखी ता. क. थंडीपर्यंत पोळं रिकामं होईल. जुन्या पोळ्यात या माश्या पुन्हा येत नाहीत. तेव्हा खुर्ची ने, पण माणूस पाठवू नकोस. पाच वर्षांत चढली नाहीस तो जिना दोनच मजल्यांचा आहे. खुर्ची जड आहे, एका बाजूने तू धर. दुसरी बाजू मला अजून पेलते.