उधाण अजून जेवतोय

मास्तर, परवा माझी नात कुरकुरत होती. ती मोबाईलवर कुठल्याशा महावीराची, तिच्या भाषेत सुपरहिरोची, चित्रकथा वाचते, वर्षानुवर्षं चाललेली. म्हणाली, "आजोबा, किती भाग झाले, हा अजून त्याच गच्चीवर उभा. मधेच भलत्याच लोकांच्या गोष्टी घुसडतात. मला ह्याचं काय झालं ते हवंय." मला एकदम तुमच्या स्वयंपाकघरातली खिडकी दिसली. खिडकीशी तुम्ही बसला आहात, मांडीवर पाट, पाटावर कागद, आणि मान वाकडी करून उधाणच्या ताटातली भाकरी काढताय. तिला एवढंच म्हटलं, "असेल काढणाऱ्याचं काही कारण." ती म्हणाली, "कारण कसलं, पानं भरतात." ते तुम्हालाच सांगावं म्हणून लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन माझं अख्खं आयुष्य उलटलं आहे.

शाळेत तुम्ही आमचे ड्रॉइंग मास्तर. सगळा वर्ग घागर काढायचा आणि माझी घागर नेहमी भोपळा व्हायची, तेव्हा तुम्ही मला फळ्यापाशी उभं करून पुस्तकातल्या कविता म्हणायला लावायचात. "हाताने येत नाही ना, मग तोंडाने काढ." त्या कविता मला अजून पाठ आहेत, ऐकणारा वर्ग तेवढा राहिला नाही. पुढे मी पनवेलातच एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागलो. मालक मुलांचं एक मासिक काढायचे, शेठ म्हणायचे त्यांना सगळे. मुंबईहून येणाऱ्या इंग्रजी चित्रकथा पाहून त्यांना आपला एक महावीर हवा झाला. मी त्यांना तुमच्याकडे घेऊन आलो. चित्रं तुमची, शब्द माझे असं ठरलं, आणि त्या दुपारी तुमच्या मंडळी, आमच्या काकी, चुलीपुढे भाकऱ्या थापत असताना तुम्ही कागदावर एक पोरगा उभा केलात. मिठागरावरचा गडी. समुद्राला भरती आली की ह्याच्या अंगात बळ चढायचं. एका उडीत कर्नाळ्याच्या सुळक्यावर, बुडतं गलबत खांद्यावर. ओहोटी लागली की साधा माणूस, मिठाची पाटी वाहून खांदा सोललेला. नाव उधाण. शेठ खूश झाले. "मास्तर, हा आपल्याकडचाच वाटतो," म्हणाले. तुम्ही मान हलवलीत आणि काकींनी तवा जरा जोरातच खाली ठेवला.

तुमचा मुलगा माझ्याहून थोडा मोठा होता. गव्हाणजवळच्या तुमच्या गावी सुट्टीत गेला असताना खाडीत पोहायला उतरला तो सापडलाच नाही. हे मला माहीत होतं. पण उधाणशी त्याचा संबंध लावायचं काही मला सुचलं नाही.

पहिले काही अंक पोरांनी फाटेस्तोवर वाचले. मग तुमचा हात संथ व्हायला लागला. भरतीची मारामारी दोन चौकटींत उरकायची, आणि ओहोटी मात्र पानंच्या पानं. उधाण घरी येतो. पाय धुतो. त्याची आय चुलीपुढे बसली आहे, नेहमी पाठमोरी. तो जेवतो, दाराची बिजागरी ठोकतो, बाजेवर पडून आढ्याकडे बघतो. तेवढ्यात तिकडे दर्यात राक्षसाने बंदर धरून ठेवलेलं असतं, पण पाणी चढेपर्यंत हा उंबऱ्याबाहेर म्हणून पाऊल टाकत नाही. शेठ मुद्रित हातात घेऊन म्हणाले, "मास्तर, तुमचा वीर गणपतीपासून जेवायलाच बसलाय. दिवाळी आली. हात धुवा म्हणावं आता."

"अजून ओहोटी आहे," तुम्ही म्हणालात.

"गिऱ्हाइकाला भरती हवी असते. ओहोटी कोण विकत घेतं?"

मी शेठांच्या बाजूने बोललो, आणि ते मनापासून. मला वाटायचं, महावीर म्हणजे तो उडायलाच हवा. निदान शब्दांनी तरी गोष्ट पळवावी म्हणून मी प्रत्येक चौकटीत चंद्र, लाटा, वारा घालून चार-चार ओळी लिहायला लागलो, यमक जुळवून. एकदा तर त्याला अष्टमीच्या रात्री उधाणाच्या पाण्यावर उडवला. तुम्ही तो कागद माझ्यापुढे ठेवलात. आवाज चढवला नाहीत, तरी शाळेत छडी खाताना व्हायचं तसं मला झालं. "अष्टमीला पाणी एवढं चढत नाही रे, उधाण पुनवेला नि अवसेला. आणि चंद्र मी काढलाय, तो तू परत का सांगतोस? ह्या तुझ्या ओळींनी त्याचं तोंड झाकलं बघ. लोकांनी बघायचं कुणाला?" मी ओळी रबराने खोडल्या. खालून एका गड्याचं तोंड वर आलं, घास चावणारं. मला त्यात काहीच दिसलं नाही.

मग शेठांनी दुसरा उपाय काढला. गोष्टीत नवे वीर आणले. एक उडता पैलवान, एक यंत्रमानव, डोळ्यांतून वीज सोडणारी एक राजकन्या. पानावर गर्दी झाली, प्रत्येकाच्या वाट्याला एक चौकट, आणि उधाण कडेकडेला सरकत गेला. तुम्ही भांडला नाहीत. पैलवान काढलात, यंत्रमानव काढलात. फक्त प्रत्येक चित्राच्या मागे, लांब, मिठागराच्या बांधावर एक माणूस बसलेला असायचा, तांदळाच्या दाण्याएवढा. शेठांना तो कधी दिसला नाही. वाचकांनाही नसावा, कुणी विचारलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "असू दे बसलेला. पाणी उतरलंय."

शेवटी शेठांनी मासिकाच्या मागच्या पानावर जाहिरात देऊन टाकली. पुढल्या अंकात उधाण बुडणार. तुम्ही छापखान्यात आलात, दारातच उभे राहिलात.

"कुठल्या पाण्याला बुडवताय?"

"म्हणजे?"

"चढत्या की उतरत्या?"

"मास्तर, पाणी ते पाणी. पोरं रडली पाहिजेत, एवढं बघा."

तुम्ही बरं म्हणालात आणि घरी जाऊन अंथरूण धरलंत. मी कागद न्यायला यायचो, तुम्ही उशीखालून काढून दाखवायचात. तेच घर. तेच ताट. पाठमोरी आय. शेवटची चौकट नुसती पेन्सिलीने आखलेली. मी म्हणायचो, मास्तर, इथे काय काढायचंय? तुम्ही डोळे मिटून घ्यायचात. ती चौकट तशीच राहिली. मुंबईच्या एका चित्रकाराने उधाणला बुडवला, पानाच्या कोपऱ्यात, एक हात तेवढा पाण्याबाहेर. बाकीचं पान यंत्रमानवाचं. पोरं काही रडली नाहीत. पुढे मासिकही बंद पडलं.

काकींना वाचता येत नव्हतं. तो अंक त्यांच्यापर्यंत कुणी नेला नाही, मीही नेला नाही. तुमचं दिवसकार्य आटोपल्यावर एकदा गेलो तर त्या चुलीपाशीच होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ह्यांच्या पोराचा पुढं काय झाला रं?"

मी म्हटलं, "ओहोटी आहे काकी. तो घरीच आहे."

"मंग काय करतोय?"

"जेवतोय."

"कशाशी?"

"भाकरी," मी म्हटलं. "आणि वांगं घालून सुकट."

काकींचा हात थांबला. "वांगा नको घालूस. त्याला आवडत नाय." मग चुलीतलं लाकूड पुढे सारत, "आमचा ओहोटीलाच गेला. उतरतं पाणी लय ओढतं. ह्ये बोलायचे, त्या येळंला तो घरान आसता तर."

तुमची सगळी संथ पानं तेव्हा मला एकदम उलगडली, मास्तर, पण तोवर तुम्ही नव्हता.

मग मी जातच राहिलो. नोकरी, लग्न, मुलं सांभाळून जमेल तेव्हा जायचो, आणि गोष्ट पुढे न्यायचो, म्हणजे न्यायचोच नाही. आज बिजागरी परत निखळली. आज पाऊल भाजलं, खोबरेल लावलं. काकी ऐकायच्या. कधी म्हणायच्या, "मागं त्वा बोललास खांदा दुखतो, तो बरा झाला का?" मारामारीचं त्यांनी एकदाही विचारलं नाही. एकदा मीच मोहात पडून म्हटलं, "आता भरती येतेय काकी." त्या म्हणाल्या, "येवंदे. त्याला निजूंदे." पुढे त्याही गेल्या, आणि "पुढं काय" विचारणारं कुणी उरलं नाही.

तुमच्या गावाकडची मिठागरं आता भरावाखाली गेली. मागे मुलाच्या गाडीतून तिकडे गेलो होतो, गोदामांच्या भिंतीच भिंती. बांध कुठे होता ते मला दाखवता येईना. तिथे आता ना भरती चढते, ना ओहोटी उतरते. घरी येऊन नातीला म्हटलं, तुला माझ्या उधाणची गोष्ट सांगतो. ती मोबाईल बाजूला ठेवून नीट ऐकायला बसली, चांगली मुलगी आहे. थोड्या वेळाने म्हणाली, "पण आजोबा, पुढे होतं काय?" तिने हळूच मोबाईल परत घेतला.

हे पत्र कुठे टाकणार? वहीत राहील, मग रद्दीत जाईल. शेवटची चौकट भरायला मी खूपदा बसलो, मास्तर. शब्दांनी तरी भरावी म्हणून. तुम्हीच शिकवलं होतंत तोंडाने काढायला. ताट दिसतं, भाकरी दिसते, पाठमोऱ्या काकी दिसतात. त्याचं तोंड मात्र मला आता आठवत नाही.