दीड तासावर

प्रिय रत्नपाल,

सप्रेम जय भीम. बाबा कसे आहेत, असा तुझा मेसेज परवा आला. उत्तर दिलं नाही. फोनवर मला नीट बोलता येत नाही. एकतर रडते, नाहीतर भांडते. म्हणून कागद घेऊन बसले.

तुला आठवतं, गोंदियाला तुझ्या हैदराबादचं विमान सुरू झालं तेव्हा बाबांनी केशोरीभर सांगितलं होतं? दीड तासात पोरगा घरी! अरे, केशोरीहून गोंदियाला यायलाच एसटीला त्याहून जास्त वेळ लागतो. पण बिरसी विमानतळाच्या धावपट्टीवर त्यांनी मजुरीनं गिट्टी टाकली होती ना. आपण टाकलेल्या गिट्टीवर आपला रत्नपाल उतरणार, याचंच त्यांना केवढं कौतुक!

दुखणं वाढलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, नागपूरला न्या. तुझ्या भाऊजींनी गाडीही ठरवली. पण बाबा पलंग सोडेनात. नागपूरलाही विमान उतरतं, हे मी किती सांगितलं, तूही फोनवर सांगितलंस. ऐकतील तर ना! उलट फुलचूरला माझ्या घरी आणून ठेवा म्हणाले, इथून बिरसी जवळ पडते म्हणून. "माझा पोरगा दीड तासावर आहे, कायले घाबरता?"

मग तुझी वाट पाहणं सुरू झालं. इथं वरून शिकाऊ पायलटांची छोटी विमानं दिवसभर घिरट्या घालतात. आवाज आला की बाबा म्हणायचे, अल्का, दाढी करून दे. पहिल्यांदा मी समजावलं, ते रत्नपालचं विमान नाही म्हणून. मग सोडून दिलं. दाढी करून द्यायची, धुतलेला सदरा अंगात घालून द्यायची. संध्याकाळी तोच सदरा काढताना ते माझ्याकडे पाहतही नसत.

एकदा तू तिकीट काढलंस आणि धुक्यानं विमान रद्द झालं. तो दोष तुझा नाही, मी मानते. पण त्यानंतर? कधी कंपनीचं काम, कधी पोरांची परीक्षा. आणि दर वेळी तेच, "ताई, दीड तासाचं तर आहे, केव्हाही येतो." तुम्हा दोघा बापलेकांना या दीड तासानं खुळं केलं रे. विमान नसतं तर तू रेल्वेचं तिकीट काढून मुकाट आला असतास. बाबाही नागपूरला गेले असते.

बाबा गेले, रत्नपाल. मंगळवारी सकाळी. दाढी केलेली होती. अग्नी मीच दिला. तुझा मेसेज आला तेव्हा आम्ही मोक्षधामातून परतत होतो. नातेवाइकांना मी सांगितलं, त्याला कळवलं आहे, त्याला यायला जमत नाही, कोणी फोन करू नका. खोटं बोलले आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. फोन केला असता तर तू पहिल्या विमानानं आला असतास, हे मला पक्कं ठाऊक आहे. जित्या बापासाठी जे विमान तुला मिळालं नाही, ते त्यांच्या मढ्यासाठी मिळालेलं मला पाहवलं नसतं. म्हणून हे पत्र, आणि तेही साध्या पोस्टानं. तुला मिळेल तोवर बाबांच्या पुण्यानुमोदनाचा विधीही झालेला असेल. आता घाई नाही. रेल्वेनं ये.

तुझीच,
अल्काताई